गाडीच्या कॅन बसला आर्डुइनो जोडताना: आधी ऐका, मग विचारा

आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या तापमानाचा काटा नसतो. इंजिन गार असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल दिवा, आणि मधलं सगळं नशिबावर. मे महिन्याच्या भर दुपारी चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताय, पुढे ट्रकांची रांग आहे, एसी चालू आहे. अशा वेळी लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतायची सवय. त्यातला क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या हळूहळू बुजतात.

गंमत अशी की इंजिन किती तापलंय हे गाडीच्या संगणकाला क्षणोक्षणी माहीत असतं. विचारलं तर तो सांगतोही. विचारायचं कसं, तेच इथे बघू. शेवटी हातात येईल तो तापमान दाखवणारा आणि इंजिन तापलं की बोंब मारणारा एक छोटा डबा. नुसता आकडाच हवा असेल तर एवढा खटाटोप करू नका. गाडीत तपासणीसाठी ओबीडी नावाचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथवाला तयार अडॅप्टर बाजारात मिळतो, तो लावा आणि मोबाईलवर बघा. हा लेख आत काय चाललंय ते समजून घ्यायचंय अशांसाठी आहे. आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डवर, एलईडी लुकलुकवता येत असेल आणि मल्टीमीटर धरता येत असेल, तर बाकीचं जमेल.

ही कॅन बस म्हणजे काय

गाडीत एक संगणक नसतो, अनेक असतात. इंजिनचा वेगळा, ब्रेकच्या एबीएसचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. प्रत्येकाला दुसऱ्याशी जोडायला स्वतंत्र तारा ओढल्या तर गाडीत तांब्याचा भाराच होईल. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ साली एका सामाईक जाळ्यावर काम सुरू केलं, १९८६ मध्ये ते डेट्रॉईटच्या परिषदेत जगापुढे मांडलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला ते मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांमध्ये बसलं. त्याचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच कॅन. ज्या सामाईक तारांवर ते चालतं त्यांना बस म्हणतात.

पिळलेल्या दोनच तारा असतात, कॅन हाय आणि कॅन लो. सगळे संगणक त्यांनाच समांतर जोडलेले. गावातल्या पारावर बसलेल्या मंडळींसारखं हे काम आहे: जो बोलतो त्याचं सगळ्यांना ऐकू जातं, ज्याला कामाचं वाटतं तो घेतो, बाकीचे सोडून देतात. संदेशावर पाठवणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव नसतं. असतो तो फक्त विषयाचा क्रमांक, म्हणजे आयडी, आणि त्यामागे जास्तीत जास्त ८ बाइटची माहिती. दोघे एकदम बोलायला लागले तर ज्याचा आयडी लहान तो पुढे जातो आणि दुसरा आपोआप थांबतो.

हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा. तुमच्या आर्डुइनोने चुकून लहान आयडीचे संदेश धडाधड पाठवायला सुरुवात केली, तर ब्रेकचा संगणकसुद्धा थांबून राहील. जाळ्याला खरा कोण आणि उपरा कोण हे कळत नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकी संशोधकांनी चालती जीप इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, ती याच भोळेपणामुळे. कंपनीला १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. त्यामुळे आपला क्रम पक्का: आधी टेबलावर, मग गाडीत नुसतं ऐकायचं, मग मोजकं विचारायचं. त्याच्या पुढे नवशिक्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काय काय आणायचं

आर्डुइनो उनो दोन. एमसीपी २५१५ चिपचे कॅन मॉड्यूल दोन. सोळा पिनांचा ओबीडी मेल प्लग, शक्यतो स्क्रू टर्मिनलचा. मल्टीमीटर, जंपर वायरी, एक छोटा ओएलईडी डिस्प्ले, एक बझर. पिळलेली तार वेगळी विकत घ्यायची गरज नाही, जुन्या लॅन केबलमधली एक जोडी काढा. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा. हिंगोली किंवा उमरग्याला असाल तर सरळ ऑनलाइन मागवा. दोन-दोन कशाला, असं वाटेल. पण टेबलावर बोलायला एक आणि ऐकायला एक लागतो. एकच घेऊन थेट गाडीत घुसण्याचा मोह टाळायचा असेल तर दोन घ्याच.

उनोऐवजी ईएसपी ३२ हा बोर्ड वापरायची हौस असेल तर त्यात कॅन कंट्रोलर आतच असतो, फक्त बाहेरून ट्रान्सीव्हर, म्हणजे बसच्या तारांशी बोलणारी छोटी चिप, जोडावा लागतो. तो ३.३ व्होल्टचा घ्या, एसएन६५एचव्हीडी२३० चालतो. ५ व्होल्टचा थेट जोडला तर ईएसपीची पिन जाऊ शकते. पहिल्यांदाच करताय तर उनोच बरा, चार चुका सहन करतो.

टेबलावरचं जाळं

मॉड्यूल उनोला असं जोडा: सीएस १० नंबरला, एसआय ११ ला, एसओ १२ ला, एससीके १३ ला, आयएनटी २ ला, व्हीसीसी ५ व्होल्टला आणि ग्राउंड ग्राउंडला. दुसरा संचही तसाच. मग दोन्ही मॉड्यूलचे हाय एकमेकांना आणि लो एकमेकांना जोडा.

मॉड्यूलवर जे१ लिहिलेला एक जंपर दिसेल. तो लावला की १२० ओहमचा रेझिस्टर जोडला जातो. कॅनच्या दोन्ही टोकांना असा एकेक रेझिस्टर लागतो, नाहीतर तारेच्या टोकावरून सिग्नल उलटा फिरून स्वतःचाच गोंधळ घालतो. टेबलावर दोन्ही टोकं आपलीच, म्हणून दोन्ही जंपर लावा. वीज बंद ठेवून हाय आणि लो यांच्यात मल्टीमीटर धरा, ६० ओहमच्या जवळ आकडा यायला हवा. १२० आला तर एक जंपर नीट बसलेला नाही.

आता प्रोग्राम. आर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमध्ये एमसीपी कॅन शोधा, त्यात पाठवण्याची आणि घेण्याची तयार उदाहरणं आहेत. मात्र एक जागा नक्की बदला. उदाहरणात बहुधा क्रिस्टल, म्हणजे चिपला ठोका देणारा भाग, १६ मेगाहर्ट्झचा धरलेला असतो आणि स्वस्तातल्या निळ्या मॉड्यूलवर असतो ८ चा. क्रिस्टलच्या चंदेरी डबीवर ८.००० लिहिलंय का ते बघा आणि प्रोग्राममध्ये तसंच लिहा. हे चुकलं तर वेग निम्मा होतो, काहीच ऐकू येत नाही, आणि माणूस दिवसभर वायरी तपासत बसतो. वेग ५०० किलोबिट ठेवा, गाड्यांमध्ये तोच सर्रास असतो.

संदेश इकडून तिकडे जायला लागले की एक प्रयोग कराच. ऐकणाऱ्या आर्डुइनोला लिसन ओन्ली मोडमध्ये टाका. पाठवणारा लगेच तक्रार करायला लागेल की संदेश गेला नाही. कारण असं: कॅनमध्ये प्रत्येक संदेशाच्या शेवटी ऐकणाऱ्याने एका बिटची पोच द्यायची असते. लिसन ओन्ली मोडमधला मुका असतो, पोचही देत नाही. जाळ्यावर दुसरं कुणीच नसल्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं, आपलं कुणी ऐकतच नाहीये. गाडीत आपल्याला असंच मुकं बसायचंय. तिथे पोच द्यायला बाकीचे संगणक असतात, आपल्यावाचून कुणाचं अडत नाही.

उलट, साध्या मोडमध्ये आणि चुकीच्या वेगाने गाडीला जोडलात तर काय होतं? आर्डुइनोला प्रत्येक संदेश बिघडलेला वाटतो आणि तो 'चूक, चूक' अशी खूण बसवर टाकून दुसऱ्याचे चांगले संदेश मोडतो. डॅशबोर्डवर दिवाळी दिसते. म्हणून पहिल्या भेटीत लिसन ओन्ली, दुसरं काही नाही.

गाडीजवळ जाताना

ओबीडीचं सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, पायाच्या वरच्या बाजूला असतं. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस ६ नियम लागू झाला, त्यानंतरच्या कारमध्ये तुम्हाला कॅनच मिळेल असं धरून चाला. जुन्या गाडीत ६ आणि १४ नंबरच्या जागी धातूची पिनच नसेल आणि ७ नंबरला असेल, तर ती के लाईन या जुन्या पद्धतीने बोलणारी गाडी आहे. हा लेख तिच्या कामाचा नाही.

सॉकेटची रुंद बाजू वर धरून समोरून बघितलं तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. आपल्या कामाच्या पिना: ४ आणि ५ ग्राउंड, ६ कॅन हाय, १४ कॅन लो, १६ बॅटरीचा थेट प्लस. १४ बरोबर ६ च्या खाली येते, म्हणून शोधायला सोपं. मात्र प्लग मागून बघाल तर डावं-उजवं उलटतं, तेव्हा प्लगवर छापलेले नंबरच प्रमाण माना.

गॅरेजमधला वायरमन तुम्हाला सांगेल, "साहेब, त्याला हात नका लावू, एअरबॅगची लाईट लागंल." त्याचं अगदीच चुकीचं नसतं. पिवळ्या कव्हरच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मल्टीमीटरसुद्धा लावायचा नाही. आणि कुठलीही मूळ वायर सोलायची किंवा कापायची नाही, जे करायचं ते प्लगमधूनच. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंगला देताना प्लग काढून ठेवा. शोरूमला सबब मिळू देऊ नका.

प्लग लावण्याआधी सॉकेटवर मल्टीमीटर धरा. चावी बंद असताना १६ आणि ४ मध्ये १२ व्होल्टच्या वर थोडं दिसेल. चावी चालू करून ६ आणि ५ मध्ये साधारण अडीच व्होल्ट किंवा किंचित जास्त, १४ आणि ५ मध्ये अडीच किंवा किंचित कमी. बस शांत असताना दोन्ही तारा अडीचवर असतात. संदेश जाताना हाय साडेतीनपर्यंत चढते आणि लो दीडपर्यंत उतरते. मीटरला त्याची सरासरी दिसते. हे आकडे जुळले तर तुम्ही योग्य पिनांवर आहात. ओहम मात्र चालू गाडीत मोजू नका.

आता मॉड्यूलवरचा जे१ जंपर काढा. गाडीच्या जाळ्यात दोन रेझिस्टर आधीच आहेत, तिसरा लागला तर सिग्नल दुबळा पडतो. ईएसपीसोबतच्या बऱ्याच छोट्या ट्रान्सीव्हर बोर्डांवर जंपर नसतो, रेझिस्टर सोल्डर करूनच येतो. तिथे तो उचकटावाच लागतो. प्लगपासून मॉड्यूलपर्यंतची तार मीटरभराच्या आत ठेवा, पिळलेलीच.

पहिल्या चाचणीत आर्डुइनोला वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरून द्या. पण लॅपटॉपला घरातून ओढलेली चार्जरची वायर लावू नका, बॅटरीवरच चालवा. प्लगमधून फक्त तीन तारा घ्या: ६, १४ आणि ५. सोळाव्या पिनेला हात लावायची गरजच नाही.

ऐकणं

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. चावी चालू करा. सिरीयल मॉनिटरचा वेग ११५२०० ठेवा.

दोनपैकी एक गोष्ट घडेल. एक तर संदेशांचा पूर येईल. तो सगळा पकडायचा प्रयत्न करू नका; एमसीपी २५१५ मध्ये संदेश ठेवायला दोनच कप्पे आहेत आणि सिरीयलचा वेगही पुरत नाही, मधले गळणारच. ब्रेक दाबा, दार उघडा, रेस द्या आणि कोणत्या आयडीतले बाइट हलतात ते बघा. फार मजा येते यात. कंपन्या या आयडींची यादी देत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मॉडेलचं कोडं वेगळं. पुढे खोलात जायचं असेल तर सॅव्हीकॅन हे मोफत सॉफ्टवेअर बघा. लिनक्स वापरत असाल तर कॅन यूटिल्समधलं कॅनस्निफर फक्त बदललेले बाइट रंगवून दाखवतं.

नाहीतर काहीच येणार नाही, पूर्ण शांतता. घाबरू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि आतलं जाळं यांच्यामध्ये गेटवे नावाचा एक राखणदार संगणक असतो. विचारल्याशिवाय तो काही बाहेर सोडत नाही. वर सांगितलेले व्होल्टचे आकडे जुळत असतील तर जोडणी बरोबर आहे, पुढच्या पायरीवर चला.

विचारणं

प्रदूषण नियंत्रणाच्या नियमांमुळे गाड्यांना काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात आणि ती सगळ्या कंपन्यांत सारखी असतात. हा सुरक्षित रस्ता. खालचे आकडे दहाऐवजी सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीतले आहेत, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. प्रोग्राममध्ये ती अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाका.

प्रश्नाचा आयडी ७डीएफ. तो सगळ्यांना उद्देशून असतो. इंजिनचा संगणक बहुधा ७ई८ वरून उत्तर देतो. तापमानाचा प्रश्न असा:

०२ ०१ ०५ ०० ०० ०० ०० ००

०२ म्हणजे पुढे कामाचे दोन बाइट आहेत. ०१ म्हणजे 'आत्ताची माहिती सांग'. ०५ म्हणजे कूलंटचं तापमान. मागची शून्यं भरतीची, पण पाठवायचे पूर्ण आठ बाइट. उत्तर समजा असं आलं:

०३ ४१ ०५ ७बी

मागे भरतीचे बाइट असतील, ते सोडा. ४१ म्हणजे ०१ या प्रश्नाचं उत्तर. ७बी म्हणजे आपल्या हिशोबात १२३. त्यातून ४० वजा करा, ८३ अंश सेल्सिअस. चाळीस वजा कशासाठी, तर इथे बाइट ० ते २५५ असाच वाचला जातो, त्यात ऋण आकडा बसत नाही आणि थंड देशांत इंजिन उणे चाळीसपर्यंत गारठू शकतं. लातूरला त्याचा काही उपयोग नाही, पण नियम जगासाठी एकच.

त्याच पद्धतीने ०डी विचारलं तर वेग येतो, थेट किलोमीटरमध्ये. ०सी विचारलं तर इंजिनचे फेरे. त्यात दोन बाइट येतात. पहिल्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा, ४ ने भागा. ०डी ४८ आलं तर १३ गुणिले २५६ अधिक ७२, म्हणजे ३४००, भागिले ४, म्हणजे ८५० फेरे. उभ्या गाडीला शोभेल असाच आकडा.

तुमची गाडी काय काय सांगते हे तिलाच विचारता येतं. ०२ ०१ ०० पाठवा, उत्तरात चार बाइटची यादी येते. पहिला बाइट समजा बीई आला. तो द्विमानात १०१११११० असा लिहिला जातो. डावीकडून पाचवा आकडा १ आहे, म्हणजे ०५ चा प्रश्न चालतो.

विचारण्यासाठी आर्डुइनो लिसन ओन्लीतून साध्या मोडमध्ये आणावा लागतो. आधी ऐकताना वेग ५०० असल्याची खात्री झाली असेल तरच आणा. शांत गाडीत ही खात्री होत नाही, म्हणून तिथे इंजिन बंद, फक्त चावी चालू ठेवून एकच प्रश्न पाठवा. चिपचा फिल्टर ७ई८ ला लावा, म्हणजे बाकीचा पूर आत येणार नाही. प्रश्न सेकंदाला एक पुरे, उत्तराची वाट दशांश सेकंदभर बघा. उत्तर नाहीच आलं तर हट्टाने पाठवत राहू नका. काही गाड्या, होंडासारख्या, लांब म्हणजे २९ बिटचा आयडी वापरतात. तिथे प्रश्न १८डीबी३३एफ१ वर जातो आणि उत्तर १८डीएएफ१ ने सुरू होणाऱ्या आयडीवर येतं.

दुसरा बाइट कायम ०१ च ठेवा. तिथे ०४ गेलं तर बिघाडाच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि मिस्त्रीला उद्या काही सापडत नाही. इंटरनेटवर दारं उघडायचे, काचा खाली करायचे, स्टिअरिंग हलवायचे संदेश सापडतील. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते पाठवणं हा शुद्ध गाढवपणा आहे. भंगारातून जुना मीटर कन्सोल आणा आणि टेबलावर त्याचा काटा नाचवा, तिथे कुणाचा जीव जात नाही.

डबा

कायमची वीज कुठून द्यायची, यात बहुतेक जण अडकतात. सोळाव्या पिनेवर चावी बंद असतानाही वीज असते. तिथून घेतली तर आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी बसू शकते. शिवाय गाडीतले १२ व्होल्ट नावालाच बारा. इंजिन चालू असताना साडेचौदापर्यंत जातात, स्टार्टर मारताना खाली कोसळतात, मध्येच झटके येतात. उनोच्या गोल सॉकेटला ते थेट दिले तर रेग्युलेटर तापतो. सोपा उपाय म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये चांगल्या कंपनीचा मोबाईल चार्जर लावा आणि यूएसबीने आर्डुइनो चालवा. फ्यूज आहे, ५ व्होल्ट आहेत, आणि बऱ्याच गाड्यांत चावी काढली की ते सॉकेटही बंद होतं. तुमच्या गाडीत होतं का, ते आधी बघून घ्या.

डबा डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा केलात तर तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि उन्हाळ्यात काचेखालचा डॅशबोर्ड तिथपर्यंत सहज जातो. हॉट ग्लूचंही तेच. स्टिअरिंगच्या बाजूला, सावलीत, स्क्रूने बसवा. वायर पेडलच्या आसपास लोंबकळायला नको, झिप टायने आवळून टाका.

बझर कितीवर वाजवायचा? दुसऱ्याचा आकडा उचलू नका. आपल्या गाडीचं तापमान नेहमीच्या रस्त्यावर, घाटात, ट्रॅफिकमध्ये, एसी लावून काही दिवस बघा. पंखा चालू झाल्यावर ते कुठे स्थिरावतं हे कळेल. त्या नेहमीच्या कमाल आकड्याच्या पाच-सात अंश वर बझर ठेवा. वाजला तर एसी बंद, बाजूला थांबा, गार होईपर्यंत रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नका.

या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण होज फुटून पाणी सगळं वाहून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना आकडा कमी दाखवू शकतो. तापमान चढत असताना अचानक घसरलं तर तेही वाईट लक्षण धरा आणि गाडी थांबवा. प्रोग्राममध्ये त्यासाठीही बझर टाकता येतो.

ट्रक आणि ट्रॅक्टर

उसाच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडक्यात. यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये कॅन नसतं. इलेक्ट्रॉनिक इंजिनच्या ट्रकांत जे१९३९ नावाची पद्धत असते. बस तीच, पण आयडी २९ बिटचे आणि वेग बहुधा २५० किलोबिट. शेतीच्या यंत्रांची आयसोबसही त्यावरच बेतलेली आहे. सॉकेट बऱ्याचदा गोल, नऊ पिनांचं असतं आणि बऱ्याच ट्रकांत वीज २४ व्होल्टची, त्यामुळे कारचा चार्जर न तपासता लावू नका. बाकी इथे काम उलट सोपं आहे. इंजिनचं तापमान ६५२६२ या गटक्रमांकाखाली दर सेकंदाला आपणहून बसवर येतं, पहिल्या बाइटमध्ये, तेच चाळीस वजा करून. काही विचारावं लागत नाही, लिसन ओन्लीवरच डबा चालतो.